आत्यासाठी कॉलर माइक

मोबाईल घ्यायचा असेल तर आधी मला विचारायचं, असा आमच्या गावात नियमच होता. कुणी केला होता ते विचारू नका. मीच केला होता.

दोन हजार दहाच्या आगेमागेचे ते दिवस. गाव आमचं पनवेलजवळ, रोडपालीच्या बाजूला. शेतं गेली, त्यांच्यावर इमारती आल्या, पण गावातली घरं तशीच एकमेकांना चिकटून राहिली. मी न्हावा शेव्याकडच्या एका कंटेनर यार्डात कारकून होतो. दिवसभर कागदांवर शिक्के मारायचे आणि मधल्या वेळात कुठला नवा फोन आला, कुठल्या हेडफोनचा बेस कसा आहे, याचा अभ्यास करायचा. माझ्या साहेबांचं म्हणणं होतं की मी दिवसभर अभ्यास करतो आणि मधल्या वेळात शिक्के मारतो. असो. साहेबांनीही स्वतःचा फोन मला विचारूनच घेतला होता.

माझी मतं ठाम असायची. चायना मोबाईल घेणाऱ्या माणसाशी मी दोन-दोन दिवस बोलत नसे. आठवतो का तो प्रकार? मागे जाळीदार स्पीकर, वर टीव्हीची एरियल, गाणं लागलं की कडेने लाल-हिरवे दिवे. आमच्या शेजारच्या काकांनी तसला एक आणला. त्यांची रिंग वाजली की तीन घरांतली माणसं खिसे चाचपायची. मी काकांना म्हटलं, "काका, आवाज मोठा असणं आणि चांगला असणं यात फरक असतो." काका म्हणाले, "असंल. पन मना मोठा पायजे व्हता." या माणसाशी मी पुढे काय बोलणार?

गाण्यांच्या बाबतीत तर माझ्यासारखा खडूस शोधून सापडला नसता. तेव्हा मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड द्यायचं आणि "गाणी भर" म्हणायचं, अशी पद्धत होती. गिरणीवर दळण टाकावं तसं लोक कार्ड टाकून भाजी आणायला जायचे. कुठली गाणी, कुणाची, काही पत्ता नसायचा! मी मात्र दुकानात बसून एकेक गाणं निवडायचो आणि दुकानदाराचं डोकं खायचो. रिमिक्स नको. ज्यात गायकाचा आवाज मशीनमध्ये घालून सपाट केलाय ते नको. आपल्याच कोळीगीताला ढिंच्याक ढिंच्याक लावून परत आपल्यालाच विकतात, ते तर अजिबात नको. दुकानदार म्हणायचा, "शेठ, मग उरलं काय?" आणि एवढं सगळं बोलून झाल्यावर हळदीत डीजे लागला रे लागला की पहिला नाचायला मीच. मत माझं होतं, पाय गावाचे होते, त्याला माझा इलाज नव्हता.

तर अशा त्या दिवसांत माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. मुलगा उरणकडचा, घरचे लोक छान, सगळं बेस्ट. अडलं एकाच ठिकाणी, आमच्या आत्याकडे.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, गावातच दिलेली. सकाळी पनवेलच्या बाजारात भाजी विकायची आणि लग्नसराईत धवला गायची. आमच्या आगरी लोकांत लग्नातले विधी धवल्याशिवाय होत नसत. मांडव घालायचा, हळद लावायची, नवरीला बाहेर आणायची, प्रत्येक वेळी धवलारीण ओळ म्हणते आणि मागे बसलेल्या बायका तीच ओळ परत म्हणतात. गावातल्या दोन पिढ्यांची लग्नं आत्याने अशी लावली होती, आईबाबांचं धरून. माझी बहीण तर लहानपणापासून प्रत्येक मांडवात आत्याला चिकटून बसायची. शाळेचा धडा पाठ नसायचा, धवला तोंडपाठ.

पण वर्षभरापूर्वी एका घरच्या हळदीत आत्या गात असताना डीजेवाल्यांनी मध्येच साउंड चेक सुरू केला. आत्या गातेय आणि वरून धाड धाड! कुणी त्यांना थांबवलं नाही. दोन-चार जण तर बसल्या जागी मान हलवायला लागले. आत्या उठली, पदर झटकला आणि घरी निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिने अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं सांगून टाकलं, की आता जिथे तो डीजेचा डबा वाजेल तिथे माझा धवला नाही. त्यानंतर गावात तीन लग्नं झाली, तिन्ही धवल्याशिवाय. लोक म्हणाले, चालतंय. मीही म्हणालो असेन.

बहीण मात्र अडून बसली. म्हणाली, "आत्या गाणार नसेल तर मी हळदीला बसणार नाही." आई म्हणाली, "बरा सांगतंस गो! पत्रिका छापल्यान." बाबा म्हणाले, डीजे नाही आणला तर गावातली पोरं माझ्याशी बोलायची नाहीत. शेवटी बहीण माझ्या खोलीत आली, माझा हेडफोन कानावरून खेचून काढला आणि म्हणाली, "दादा, एवढं शहाणपण शिकवतोस ना सगळ्यांना? मला बाकी काही नको. तू आत्याला आण." डोळ्यांत पाणी होतं तिच्या. गंमत नव्हती ती.

मी आत्याकडे गेलो. आत्या मेथी निवडत बसली होती आणि आमचे मामा, म्हणजे आत्याचे यजमान, बाजूला पेपर वाचत होते. मी म्हटलं, "आत्या, डीजे तुझा धवला संपल्याशिवाय सुरू होणार नाही. माझी जबाबदारी." तिने मान वर केली नाही. मग म्हटलं, "तुझ्या पोरीची हळद आहे गं." तेव्हा तिचा हात थांबला.

"डीजेचा राग नाय मना," ती म्हणाली. "त्या दिवशी मी गात व्हते आनि मागच्या खुर्च्यांवं लोकं गप्पा हाकीत व्हती. त्यांना म्हाइतच नाय का मी गातंय. मंग डब्याचं काय चुकलं? माजा आवाज मांडवाच्या शेवटच्या खुर्चीवं गेला पायजे. जात असंल तं येते. नाय तं नाय."

अहो, मला तर आभाळ ठेंगणं झालं! मला वाटलं होतं हा रुसव्याफुगव्याचा मामला आहे, समजूत घालावी लागेल, पाया पडावं लागेल. हा तर सरळसरळ स्पीकरचा प्रश्न निघाला. आणि स्पीकरच्या प्रश्नावर अख्ख्या पंचक्रोशीत माझ्याइतका तयार माणूस दुसरा नव्हता. मी तिथेच उडी मारली. मामांचा पेपर फाटला.

पुढचे तीन रविवार आत्याला स्कूटरवर मागे बसवून मी पनवेलची बाजारपेठ पालथी घातली. वही केली होती. कुठला माइक, आवाज किती लांब जातो, शिट्टी मारतो का, बॅटरी किती टिकते, सगळे रकाने. पहिल्या दुकानदाराने कमरेला बांधायचा छोटा स्पीकर काढला. मी म्हटलं, "हा भंगारवाल्यांना द्या." दुसऱ्याने प्रत्येक वस्तूला "एक्स्ट्रा बेस, एक्स्ट्रा बेस" लावलं होतं. मी त्याला अर्धा तास समजावलं की बाईच्या आवाजाला बेस कशाला हवा, तिथे क्लॅरिटी पाहिजे, ओळीतला शब्दन् शब्द सुटा ऐकू आला पाहिजे. त्याने मला पाणी दिलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. आत्या स्टुलावर बसून माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "पोरा, तू लग्नाला मुलगी बघाय गेलास तं काय करशील रं?"

तिसऱ्या दुकानात मात्र आमचं जमलं. बिनतारी कॉलर माइक आणि दोन उभे स्पीकर. काय आवाज होता! दुकानदाराने आत्याच्या पदराला माइक लावला आणि म्हणाला, "मावशी, काहीतरी बोला." लोक अशा वेळी हॅलो हॅलो म्हणतात. आत्या आयुष्यात कधी हॅलो म्हणाली नव्हती. तिने छाती भरून श्वास घेतला आणि हाक दिली, "ए मेथीऽऽ, ताजी मेथीऽऽ!" रस्त्यावरून दोन बायका पिशव्या घेऊन आत आल्या आणि जुडी कशी दिली म्हणून विचारायला लागल्या. दुकानदार काउंटरवर डोकं टेकून हसत होता. मी हसत होतो. आत्याने मात्र त्या दोघींना नीट सांगितलं की आज रविवार, गाडी लावली नाही, उद्या सकाळी या.

घरी आणून मी रोज चाचणी घेतली. आत्याला अंगणात उभं करायचो आणि मी देवळापर्यंत पळत जाऊन तिथून हात वर करायचो. ऐकू येतंय! शेजारचे काकाही बघायला आले. "मोठा हाय," म्हणाले, आणि त्यांच्या दृष्टीने ही सर्वांत मोठी पावती होती. एकच त्रास होता. आत्याच्या हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, आणि हात हलला की त्यांची खणखण माइकात शिरायची. माझी सगळी क्लॅरिटी पाण्यात! मी तांत्रिक माणूस, तांत्रिक बोललो. "आत्या, हळदीच्या दिवशी बांगड्या काढून ठेव ना."

आई तोंडाला पदर लावून आत पळाली. आत्या म्हणाली, "भर लग्नात बांगड्या उतरवू? अरं, माजा नवरा जिता हाय अजून!" आमच्या ओसरीवर बसलेल्या मामांनी पेपर खाली केला आणि म्हणाले, "हाय बाबा. जिता हाय." त्या दिवशी मला जेवण मिळालं ते शेजारी. पण मी हार मानणारा नव्हतो. माइक पदरावरून काढून गळ्याजवळ ब्लाउजला लावला, वर कापसाचा बोळा बांधला, आणि खणखण गेली. मी स्वतःवर इतका खूश झालो की त्या आनंदात ऑफिसात एका कागदावर तीनदा शिक्का मारला.

हळदीचा दिवस उजाडला. संध्याकाळी पाचचा कार्यक्रम. मांडव खचाखच, खुर्च्या पार रस्त्यापर्यंत. एका कोपऱ्यात डीजेवाले आपल्या भिंतीएवढ्या डब्यांपाशी हाताची घडी घालून बसले होते. त्यांना मी सकाळपासून चार वेळा सांगितलं होतं, धवला संपेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. बहीण पाटावर बसली होती, पिवळ्या साडीत, कपाळाला मुंडावळ्या. आत्या तिच्याजवळ बसली आणि आत्याच्या मागे सहा-सात बायका, ओळ मागून म्हणणाऱ्या. मी स्पीकरचं बटण दाबलं, शेवटच्या खुर्चीपाशी धावत गेलो आणि तिथे उभा राहिलो.

आत्याने पहिली ओळ घेतली.

आई शप्पथ, अंगावर काटा आला. शब्दन् शब्द मोत्यासारखा सुटा. रस्त्यावर विडी ओढणारी माणसं वळली. गप्पा थांबल्या, मोबाईल खिशात गेले. शेवटच्या खुर्चीवर बसलेले एक दाढीवाले पाहुणे म्हणाले, "सीडी लय भारी हाय." मी म्हटलं, "सीडी नाही, आत्या आहे माझी!" आणि मी त्या पाहुण्यांना मिठी मारली. ते कोण होते, मला आजही माहीत नाही.

ओळ संपली. आता मागच्या बायकांनी ती परत म्हणायची. त्यांनी तोंडं उघडली, पण आत्याचा आवाज दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून इतका मोठा आला होता, की त्याच्यापुढे त्यांचा त्यांनाच अगदी एवढासा वाटला. एक बाई अर्ध्यात थांबली. दुसरी लाजून हसली. आत्याने दुसरी ओळ घेतली, तेव्हा मागून दोघीच म्हणाल्या. तिसऱ्या ओळीला कुणीच नाही. सगळ्या जणी हात मांडीवर ठेवून टीव्ही बघितल्यासारख्या ऐकत बसल्या होत्या, आणि एकीने तर मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं होतं.

आत्या थांबली.

स्पीकरमधून नुसती घरघर येत होती. मला वाटलं बॅटरी गेली, वायर सुटली, काहीतरी माझं चुकलं. मी खुर्च्यांवरून उड्या मारत पुढे पळालो. डीजेवाला जागेवरून उठला, संपलं का म्हणून मला खुणेने विचारायला लागला, आणि त्याचा हात बटणाकडे चालला. बहिणीने ते पाहिलं. तिचा चेहरा असा उतरला की बस्स. सगळं माझ्यावर सोपवून बसली होती ती.

तेवढ्यात स्पीकरमधून अख्ख्या मांडवाला ऐकू आलं, "पोरा, हिकडं ये."

मी जाऊन उकिडवा बसलो. आत्या म्हणाली, "शेवटच्या खुर्चीवं जातंय?"

"एकदम क्लिअर आत्या," मी म्हटलं.

"मंग इथं कोन राह्यलं?" तिने मागे हात केला. "मी एकली गाऊन काय करू? परत म्हननारं कोन नाय तं तो धवला नाय रं, ती बाजारातली हाक झाली."

तीन रविवार, वहीभर रकाने, देवळापर्यंत धावाधाव, आणि प्रत्येक चाचणीत मी आत्याला एकटीला उभं केलं होतं. मागच्या बायकांना एकदाही बोलावलं नव्हतं. मला त्या सुचल्याच नव्हत्या. मला वाटलं होतं गाणं म्हणजे एक जण म्हणणार आणि बाकीचे ऐकणार, कारण मी तरी आयुष्यभर दुसरं काय केलं होतं?

आत्याने गळ्याजवळचा माइक कापसासकट काढला आणि माझ्या शर्टाला लावला. "आता तू म्हन. तुजी भन हाय ना?"

"मला येत नाही आत्या," मी म्हटलं, आणि हे वाक्य दोन स्पीकरमधून रस्त्यापर्यंत गेलं. मांडव खो खो हसला. पुरुष माणसाने धवला म्हटलेला आमच्या गावात कुणी ऐकला नव्हता.

आत्याने बिनमाइकची ओळ घेतली, हळू, मला शिकवल्यासारखी. आणि मी ती परत म्हटली. देवा रे! माझा आवाज मी पहिल्यांदाच असा ऐकत होतो, आणि तोही मी स्वतः निवडलेल्या क्लॅरिटीत. घसा बसलेला, सूर कुठल्या कुठे, एकेक शब्द सुटा. आयुष्यभर मी कुणाकुणाच्या आवाजाला नावं ठेवली होती, ते सगळे गायक त्या क्षणी मला माफ करोत. बहीण हळदीने माखलेले दोन्ही हात तोंडावर धरून हसत होती. दुसऱ्या ओळीला मी आणखी वर गेलो. मागची एक बाई ओरडली, "अगो म्हना गो, कोनतरी म्हना! ह्याला झाका!" आणि सगळ्या जणी झोपेतून उठल्यासारख्या एकदम गायला लागल्या, माझा आवाज बुडवायला. जितका मी जोरात, तितक्या त्या जोरात. मागचे लोक नीट ऐकू यावं म्हणून खुर्च्या उचलून पुढे आले. डीजेवाला टाळ्या वाजवत होता. मी वेडा झालो होतो आनंदाने, हात हलवून गात होतो, शब्द चुकत होते आणि कुणालाही पर्वा नव्हती.

आत्या ज्या घरी जाईल त्या घरची माणसं बघून ओळी घालते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नवी ओळ घेतली:

*दारी उभा भाऊ गो, वाट सोड रं भावा,*
*बहीण तुझी निघाली...*

मी तोंड उघडलं. "दारी उभा भाऊ" इथपर्यंत आलो. मग बहिणीकडे बघितलं. ती हसायची थांबली होती.

पुढचे शब्द आलेच नाहीत. हुंदका तेवढा आला, आणि माइक माझ्या छातीवर असल्यामुळे तो मांडवभर ऐकू गेला. मी मान खाली घातली. ती ओळ माझ्यासाठी बायकांनीच पुरी केली.